कायटोसानचं मेम्ब्रेन मिथेनॉल सेलमध्ये चालेल का? आधी ते धुऊन बघा

खानापूर तालुक्यातून बेळगावात एम.एस्सी. करायला आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, कायटोसानची फिल्म कास्ट केली आणि अर्ध्या मोलर सल्फ्युरिक आम्लात दिवसभर ठेवली. कंडक्टिव्हिटी ०.०३ सीमेन्स प्रति सेंटिमीटर आली, मिथेनॉलची पारगम्यता नॅफिऑनच्या पावपट. खरं तीच फिल्म आठवडाभर डिस्टिल्ड पाण्यात ठेवून परत मोजली तर ०.००४ च आली. फिल्म खराब झाली का? सिलेक्टिव्हिटी नॅफिऑनपेक्षा सरस आहे असं प्रबंधात लिहू का? आणि आपल्याकडे उसाचं चिपाड एवढं पडतंय, तर त्यातल्या सेल्युलोजचं मेम्ब्रेन करून शेतपंप चालवता येईल का?"

नव्या वाचकासाठी आधी दोन शब्द: मिथेनॉल सेल म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर वीज करणारा इंधन सेल. त्यातल्या मेम्ब्रेनने प्रोटॉन पलीकडे जाऊ द्यायचे आणि मिथेनॉल अडवायचं. नॅफिऑन हे त्यासाठी नेहमी वापरलं जाणारं मेम्ब्रेन, आणि कायटोसान हा कोळंबीसारख्यांच्या कवचांपासून मिळणारा जैविक पॉलिमर. आता उत्तर: फिल्म खराब झालेली नाही. आठवड्यानंतरचा ०.००४ हाच तिचा आकडा आहे. पहिल्या दिवशी तुम्ही मोजली ती फिल्मच्या आत अडकून राहिलेल्या मोकळ्या सल्फ्युरिक आम्लाची वाहकता. ते आम्ल पाण्यात निघून गेलं. सेलमध्येही अ‍ॅनोडच्या बाजूने मिथेनॉलचं पातळ द्रावण सतत वाहत असतं, म्हणजे तिथे ते आठवड्याने नाही, काही तासांतच निघून गेलं असतं.

असं का होतं ते हिशेबाने बघू. कायटोसानच्या साखळीतलं एक एकक १६१ ग्रॅमचं, आणि त्यावर एक अमाइन गट. विकत मिळणारं कायटोसान साधारण ७५ ते ९५ टक्के डीअ‍ॅसिटिलेटेड असतं. म्हणजे तेवढ्याच एककांवर हा अमाइन गट मोकळा असतो. ८५ टक्के धरलं तर एका ग्रॅममध्ये सुमारे ५ मिलिमोल अमाइन येतात. सल्फ्युरिक आम्लाचा एक रेणू दोन अमाइनना धरतो, म्हणजे ग्रॅमभर फिल्मला अडीच मिलिमोल, वजनात पाव ग्रॅम आम्ल पुरतं. एवढं आम्ल पक्कं बसतं आणि दोन साखळ्यांना एकत्र बांधतं, म्हणूनच तुमची फिल्म नंतर पाण्यात विरघळत नाही. पण या बसलेल्या आम्लाचे दोन्ही प्रोटॉन अमाइनने घेतलेले असतात. प्रोटॉन घेतलेल्या अमाइनचा पीकेए (गट प्रोटॉन किती सहज सोडतो त्याचं माप) ६.५ च्या आसपास, त्यामुळे तो प्रोटॉन सहजी सोडत नाही. नॅफिऑनवरचा सल्फॉनिक आम्ल गट पाणी मिळताच प्रोटॉन मोकळा करतो. कायटोसान मुळात आम्लारीधर्मी पॉलिमर आहे. त्याच्याकडून आम्लाचं काम करून घ्यायचं तर बाहेरून आणलेलं आम्ल त्यात कायमचं टिकवावं लागतं, आणि या विषयातली सगळी अडचण त्या टिकवण्यात आहे.

तेव्हा नवीन फिल्म ओतण्याआधी हातात आहेत त्या फिल्म धुवा. पाणी बदलत राहा, आणि धुवणाच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाकून बघा. पांढरा साका येतोय तोवर सल्फेट निघतंय. साका यायचा थांबला की मग कंडक्टिव्हिटी मोजा, आणि त्याच तुकड्याची आयन एक्स्चेंज कपॅसिटी (ग्रॅमभर फिल्ममध्ये सोडता येण्याजोगे प्रोटॉन किती) टायट्रेशनने काढा: तुकडा मिठाच्या संपृक्त द्रावणात दिवसभर ठेवायचा आणि बाहेर आलेलं आम्ल पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचं. नॅफिऑन ११७ साठी हा आकडा ग्रॅमला ०.९१ मिलिइक्विव्हॅलंट आहे. प्रबंधात धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या. अनेक निबंधांत नुसता पहिला छापलेला असतो आणि वाचणाऱ्याला दुसऱ्याचा पत्ताच लागत नाही.

आता सिलेक्टिव्हिटी. वाहकतेला पारगम्यतेने भागलं की जो आकडा येतो तो. नॅफिऑन ११७ ची वाहकता ०.०८ धरा आणि मिथेनॉलची पारगम्यता दर सेकंदाला २ चौरस सेंटिमीटर भागिले दहा लाख. भागाकार येतो ४०,०००. तुमची पारगम्यता याच्या पावपट, म्हणजे पहिल्या दिवशीच्या वाहकतेने तुमची सिलेक्टिव्हिटी ६०,०००, नॅफिऑनच्या दीडपट. धुतलेल्या फिल्मच्या वाहकतेने ती ८,०००, म्हणजे नॅफिऑनच्या पाचव्या हिश्श्याइतकी. फिल्म तीच, मोजमापही चुकलेलं नाही, तरी निष्कर्ष उलटा. त्यामुळे "सरस आहे" हे वाक्य आत्ता लिहू नका.

धुतल्यानंतरही सिलेक्टिव्हिटी चांगली आली असती, तरी तेवढ्यावर भागत नाही. हा आकडा जाडी बघत नाही आणि सेलला जाडीच भोगावी लागते. तुमची फिल्म १०० मायक्रॉनची धरू. जाडी भागिले वाहकता केलं की दर चौरस सेंटिमीटरमागचा रोध मिळतो: ०.०१ भागिले ०.००४, म्हणजे २.५ ओहम चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला १०० मिलिअँपिअर प्रवाह काढला की निव्वळ मेम्ब्रेनमध्ये पाव व्होल्ट जातो. नॅफिऑन ११७ जवळजवळ १८० मायक्रॉन जाड असूनही तिथे २२ मिलिव्होल्टच जातात. मिथेनॉल सेलचा सैद्धांतिक व्होल्टेज १.२१ असला तरी चालू सेल आपल्याला ०.३ ते ०.५ व्होल्टच देतो. त्यातला पाव व्होल्ट मेम्ब्रेनने खाल्ला तर हातात काय राहणार?

"मग फिल्म पातळ करू" असं लगेच मनात येतं. २० मायक्रॉनची केली तर रोध अर्ध्या ओहमवर येतो आणि तोटा ५० मिलिव्होल्टवर. पण मिथेनॉलही त्याच हिशेबाने पाचपट पलीकडे जातं. पारगम्यता गुणिले मिथेनॉलची संहती भागिले जाडी करा, आणि दर रेणूमागे सहा इलेक्ट्रॉन धरून त्याचा प्रवाह काढा. एक मोलर द्रावणाला तुमची १०० मायक्रॉनची फिल्म चौरस सेंटिमीटरला २९ मिलिअँपिअरइतकं मिथेनॉल वाया घालवते, नॅफिऑन ११७ सुमारे ६४, आणि तुमचीच २० मायक्रॉनची फिल्म १४५. हे वाया गेलेलं मिथेनॉल नुसतं इंधन म्हणून जात नाही. ते कॅथोडवर जाऊन प्लॅटिनमच्या जागा अडवतं, तिथेच जळतं आणि कॅथोडचा व्होल्टेज खाली ओढतं. म्हणून मी माझ्याकडच्या मुलांना सांगतो की रोध आणि क्रॉसओव्हर (मिथेनॉलचं असं पलीकडे जाणं) ही जोडी एकाच जाडीला, एकाच तापमानाला, शेजारी शेजारी मांडा. धुतल्यानंतर वाहकता ०.०१, पारगम्यता नॅफिऑनच्या दहाव्या हिश्श्याइतकी आणि जाडी ४० मायक्रॉन असं मेम्ब्रेन जमलं, तर तोटा ४० मिलिव्होल्ट आणि क्रॉसओव्हर २९ मिलिअँपिअर. म्हणजे नॅफिऑनपेक्षा १८ मिलिव्होल्ट जास्त गमावून निम्म्याहून जास्त मिथेनॉल अडवलं. हे कामाचं मेम्ब्रेन, आणि तुमचं लक्ष्य हे ठेवा.

तिथवर कसं जायचं? तुमचे गाइड म्हणत असतील की ग्लुटारल्डिहाइड वाढवा. त्याने फुगणं कमी होतं हे खरं, पण ते अमाइनच खर्च करतं, फिल्म पिवळी आणि ठिसूळ होते, आणि त्यातून तयार होणारा कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध आम्लात हळूहळू सुटतो. सोडियम अल्जिनेटबरोबर कॉम्प्लेक्स करून बरेच जण बघतात. मिथेनॉल छान अडतं, पण अल्जिनेटचा कार्बॉक्सिल गट दुबळं आम्ल असल्याने प्रोटॉनच्या बाबतीत निराशा होते. फॉस्फोटंगस्टिक आम्लाचं मात्र मला मोल वाटतं. एरवी ते पाण्यात सहज विरघळून जातं, पण त्याचा मोठा ऋण आयन कायटोसानच्या अमाइनला घट्ट चिकटतो आणि सल्फेटच्या मानाने बराच टिकतो. तरीही धुण्याची परीक्षा त्यालाही चुकलेली नाही.

माझी पहिली पसंती विचाराल तर आम्ल गट स्वतःच लांब साखळीवर बसलेला असावा. पॉलिस्टायरीन सल्फॉनिक आम्लासारखा पॉलिमर कायटोसानबरोबर गुंतवला की तो धुऊन जाऊ शकत नाही, कारण लांब साखळी जाळ्यातून निघत नाही. सल्फॉनिक गट अमाइनपेक्षा जास्त ठेवायचे, म्हणजे अमाइनची भूक भागून उरलेले प्रोटॉन वाहायला मोकळे राहतात. असं मिश्रण सरळ एकत्र ओतलं तर लगेच गोठून गुठळ्या होतात. त्यामुळे आधी कायटोसानची फिल्म पाडून तिला दुसऱ्याच्या द्रावणात मुरवणं, नाहीतर आलटून पालटून थर देणं, हाच रस्ता. सल्फोसक्सिनिक आम्ल हाही सोपा पर्याय आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलबरोबर ते तापवलं की एस्टर बंध बनतात आणि सल्फॉनिक गट जागेवर राहतो.

कायटोसानच्या मागे एवढं का लागायचं, असाही प्रश्न पडेल. त्याचं मेम्ब्रेन पाण्याला वाट देतं आणि अल्कोहोलला अडवतं, हा त्याचा गुण जुना आणि पारखलेला आहे. इथून दीड-दोन तासांवर धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात, प्रा. तेजराज अमिनभावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम अल्जिनेट आणि कायटोसानची मेम्ब्रेन वापरून अल्कोहोलमधून पाणी वेगळं करण्यावर, म्हणजे पर्व्हेपोरेशनवर, भरपूर काम छापलं आहे. इंधन सेलवाले ते कमी वाचतात. तुम्ही वाचा, कारण आपल्याला हवा तोच गुणधर्म तिथे दुसऱ्या कामासाठी तपासलेला आहे. नॅफिऑनमध्ये पाण्याच्या वाटा रुंद असतात. प्रोटॉन जाताना आपल्यासोबत पाण्याचे रेणू ओढून नेतो आणि पाण्यात मिसळलेलं मिथेनॉल त्याच ओढीत पलीकडे जातं. कायटोसानमधलं पाणी हायड्रॉक्सिल आणि अमाइन गटांना घट्ट धरून असतं, मिथेनॉलला तिथे जागा कमी मिळते. पण फिल्म फार फुगली की हा गुण गेलाच. म्हणून फुगण्याचं प्रमाण नुसत्या पाण्यात मोजून थांबू नका. एक मोलर आणि दोन मोलर मिथेनॉलमध्ये, ३० आणि ६० अंशांना, वजन आणि जाडी दोन्ही मोजा. रोध काढताना ओल्या फिल्मची जाडी घ्यायची, कोरड्या नव्हे.

कास्टिंगबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बेळगावात हे काम करणाऱ्याला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा फिल्म वाळूच देत नाही. आषाढात पापड घालावेत तशी गत होते: वरून कोरडी, आतून ओली, आणि अ‍ॅसिटिक आम्लाचा वास राहिलेला. एप्रिलमध्ये तीच फिल्म एका दिवसात सुटते आणि कडा वर वळतात. या दोन फिल्मची वाहकता एकसारखी येत नाही आणि मुलं कारण रसायनात शोधत बसतात. म्हणून बाकावर उघडं वाळवणं बंद करा. काचेची प्लेट स्पिरिट लेव्हल लावून सपाट ठेवा, द्रावणातले बुडबुडे ओतण्याआधी काढा, ओव्हन ४० ते ५० अंशांवर ठेवून प्लेटवर छिद्रांचं झाकण घाला. वाळली की एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून उरलेलं अ‍ॅसिटिक आम्ल मारा, पाण्याने धुवा, आणि मगच सल्फ्युरिक आम्लाकडे वळा. ठेवायच्या फिल्म डेसिकेटरमध्ये खाली संपृक्त मॅग्नेशियम क्लोराइड ठेवून साठवा. तिथे आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते आणि मार्चची फिल्म ऑगस्टच्या फिल्मशी ताडून बघता येते. ओल्या ठेवल्यात तर पावसाळ्यात बुरशी धरते. जैविक पॉलिमर आहे, बुरशीला ते अन्नच.

पारगम्यता रिफ्रॅक्टोमीटरने काढली असेल तर एकदा परत काढा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ आणि मिथेनॉलचा १.३२८, आणि एक टक्का मिथेनॉलने पडणारा फरक चौथ्या दशांश स्थळी जातो. सुरुवातीच्या तासात पलीकडे जे थोडं मिथेनॉल जातं ते साध्या रिफ्रॅक्टोमीटरला दिसतच नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगला घनतामापक. डिफ्यूजन सेलचे, म्हणजे मध्ये फिल्म लावलेल्या भांड्याचे, दोन्ही कप्पे ढवळत ठेवा आणि गॅस्केटच्या कडेने गळती नाही ना हे आधी पातळ प्लास्टिकची शीट लावून बघा. आणि काम करताना मिथेनॉलची बाटली इथेनॉलपासून लांब, मोठ्या अक्षरांत लेबल लावून ठेवा. विषारी दारूने माणसं आंधळी होतात, मरतात, ती बहुतेक वेळा याच मिथेनॉलने. ते अकरा-बारा अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं आणि उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही.

चिपाडाकडे येतो. चिक्कोडी, निपाणी, गोकाक, अथणी या सगळ्या पट्ट्यात कारखाने आहेत, बगॅसचे डोंगर आपण सगळेच बघतो, त्यामुळे ही कल्पना सुचणं साहजिक आहे. पण हिशेब करा: ५० मायक्रॉनचं एक चौरस मीटर मेम्ब्रेन म्हणजे ५० घन सेंटिमीटर, वजन सुमारे ७० ग्रॅम. एका पोत्यातल्या सेल्युलोजने कितीतरी सेल होतील. म्हणजे टाकाऊ मालाची विल्हेवाट हे या संशोधनाचं कारण होऊ शकत नाही, आणि बगॅस आता टाकाऊही राहिलेला नाही, कारखाने तो जाळून वीज करतात. कोळंबीच्या कवचांनाही हाच हिशेब लागू. सेल्युलोज वापरायचं तर गुणासाठी वापरा. ते कायटोसानच्या फिल्मला आतून आधार देतं, फुगू देत नाही. त्यावर आयन गट नसतात, म्हणून एकट्याने ते प्रोटॉन वाहणार नाही. सल्फोनेशन करून पाच-दहा टक्के मिसळलं तर मदत होते. जैविक पॉलिमरसाठी खरा युक्तिवाद वेगळा आहे. नॅफिऑन फ्लोरिनयुक्त आहे, महाग आहे, आणि अशा न विघटणाऱ्या फ्लोरिन संयुगांवर जगभर बंधनं येत आहेत. २०२३ साली युरोपात पाच देशांचा तसा प्रस्ताव जाहीर झाला. प्रस्तावनेत हे लिहा.

शेतपंपाचं उत्तर नाही असंच आहे. पाच अश्वशक्तीचा पंप ३.७ किलोवॉट घेतो. मिथेनॉल सेल चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॉट देतो असं धरलं तरी साडेसात चौरस मीटर मेम्ब्रेन लागेल, आणि दोन्ही इलेक्ट्रोड मिळून चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅम मौल्यवान धातू धरला तर तीनशे ग्रॅम प्लॅटिनम-रुथेनियम. कुठल्या शेतकऱ्याला हे सांगणार? मिथेनॉल सेलची जागा लहान, सतत लागणाऱ्या विजेत आहे. आपल्या तालुक्यातलं उदाहरण घ्या. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळाभर सूर्य दिसत नाही, सोलर पॅनेल नावाला उरतं, आणि पर्जन्यमापक किंवा नदीची पातळी मोजणारं यंत्र नेमकं तेव्हाच चालायला हवं असतं. जर्मनीत बनणारे तयार मिथेनॉल सेल एका किलोवॉट-तासाला सुमारे ०.९ लिटर मिथेनॉल घेतात. त्या मानाने एक वॉट घेणारं यंत्र लिटरभर मिथेनॉलवर पंचेचाळीसेक दिवस चालतं. एवढ्याला काही चौरस सेंटिमीटर मेम्ब्रेन पुरे. तुमच्या प्रबंधाला उपयोगाचं प्रकरण हवं असेल तर हे घ्या.

कारखान्याचं स्पिरिट यात चालेल का, हे इथे नेहमी विचारलं जातं म्हणून लिहितो: ते इथेनॉल आहे. त्यातला कार्बन-कार्बन बंध कमी तापमानाला नीट तुटत नाही, १२ इलेक्ट्रॉन मिळायच्या जागी बहुतांश ४ मिळतात आणि अ‍ॅसिटिक आम्ल उरतं.

शेवटी सेल. चार चांगल्या धुतलेल्या फिल्म घेऊन जिथे सिंगल सेल चाचणीची सोय आहे तिथे जा. नॅफिऑन इलेक्ट्रोडसोबत १३० अंशांच्या आसपास दाबून जोडतात, तसं कायटोसानचं करू नका. ते मऊ पडत नाही, पाणी गमावून कडक होतं आणि कडेला चिरतं. इलेक्ट्रोडच्या तोंडावर नॅफिऑन आयोनोमरचा (नॅफिऑनच्या द्रावणाचा) पातळ हात द्या, फिल्म ओलीच ठेवा आणि सेलच्या बोल्टच्या दाबाने जोडा. नॅफिऑन ऋण, कायटोसान धन, त्यामुळे सांधा चांगला धरतो. द्रावण एक मोलर, तापमान ६० अंशांच्या वर नको. पहिली नोंद ओपन सर्किट व्होल्टेजची (प्रवाह न काढता मिळणाऱ्या व्होल्टेजची) घ्या. त्याच इलेक्ट्रोडवर नॅफिऑनपेक्षा तो जास्त आला तर मिथेनॉल खरंच अडतंय, डिफ्यूजन सेलच्या आकड्याला दुजोरा मिळाला. मग १०० तास स्थिर प्रवाहावर चालवा आणि सुरुवातीचा, मधला, शेवटचा रोध लिहून ठेवा. रोध वाढत गेला तर आम्ल निघतंय. रोध तसाच राहून ओपन सर्किट व्होल्टेज उतरत गेला तर कॅथोडवर तयार होणाऱ्या पेरॉक्साइडने साखळ्या तुटून फिल्म विरतेय, त्याला सल्फ्युरिक आम्ल कमी-जास्त करून काही होणार नाही. तसं दिसलं तर नव्या फिल्मचा एक तुकडा तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये किंचित लोह घालून ठेवा, आणि तो किती तासांत तुटतो ते सेल्युलोज घातलेल्या आणि न घातलेल्या फिल्मसाठी वेगवेगळं मोजा.